चालत्या घराचा दिवा

लखनौच्या चारबाग स्थानकावर रात्रीची गाडी येऊन थांबे. वाफेच्या काळात एंजिन सुटे होऊन पाण्याला जाई आणि डबे काही वेळ फलाटापाशी एकटेच उभे राहत. तरीही आतले दिवे जळत असत. कोणी आई मुलाच्या अंगावर पांघरूण ओढून घेई, कोणी आपली वळकटी शोधी, आणि हा उजेड कोठून येतो याचा विचारही कोणाच्या मनात येत नसे. तो एंजिनाकडून येत नव्हता, कारण एंजिनाचे काम केवळ ओढण्याचे. तो डब्याच्याच पोटाखाली टांगलेल्या एका पेटीतून, शिशाच्या बॅटरीतून येत होता. या पेटीचा इतिहास म्हणजे एका प्रश्नाचा इतिहास आहे. जे घर सतत हिंडत असते, त्याने आपल्या दिव्याची तरतूद कशी करावी?

लखनौ ते कानपूर आगगाडी धावू लागली ती १८६७ साली. त्या पिढीतील गाड्यांत तेलाचे दिवे असत. पुढे गॅसचे दिवे आले. त्यांचा उजेड चांगला होता. पण डब्याखाली दाबून भरलेला गॅस, वर लाकडी डबा आणि आत जळती ज्योत, असा तो संसार होता. २२ मे १९१५ रोजी स्कॉटलंडमध्ये क्विंटिन्सहिल येथे गाड्यांची टक्कर होऊन जी आग भडकली, तिच्यात दोनशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यांतील बहुतेक आघाडीवर निघालेले सैनिक होते. त्या आगीला डब्यांतील गॅसने बळ दिले होते. आगगाडीत वीज आणण्याची निकड केवळ सोयीसाठी नव्हती, ती अशी जिवाची होती.

विजेचा साठा करण्याची युक्ती त्यापूर्वीच सापडली होती. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते याने १८५९ साली शिशाचे पत्रे सौम्य गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भारता येईल असा विद्युत्घट सिद्ध केला. १८८१ साली कामीय फोर याने पत्र्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देऊन त्याची धारणशक्ती पुष्कळ वाढवली. त्याच वर्षी लंडन ते ब्रायटन या मार्गावरील एका डब्यात असे घट ठेवून विजेचे दिवे लावण्यात आले. पण बॅटरी एका जागी भारायची, डब्यात ठेवायची, उतरली की पुन्हा काढायची, हा खटाटोप रोजच्या वाहतुकीला झेपणारा नव्हता. १८९४ च्या सुमारास इंग्लंडमधील जे. स्टोन कंपनीने त्यावर तोड काढली. डब्याच्या आसाला पट्टा लावून त्यावर डायनॅमो फिरवायचा. गाडी धावू लागली की डायनॅमो वीज देतो, दिवे जळतात व बॅटरीही भारली जाते. गाडी थांबली की बॅटरी दिव्यांचा भार उचलते. घर स्वतःच्या चालीवर स्वतःचा दिवा लावू लागले.

पण गाडी काही एका वेगाने धावत नाही. वेग वाढला की डायनॅमोची वीजही वाढणार. म्हणून स्टोनच्या रचनेत डायनॅमो असा टांगलेला असे, की ठरावीक वेगापलीकडे त्यावरचा पट्टा घसरू लागे व प्रवाह आवरला जाई. युक्ती नामी होती. तिच्यात उणीव एवढीच, की बॅटरी भरली आहे की रिकामी आहे, हे त्या पट्ट्याला कळत नसे. दिवसभर दौडणाऱ्या मेलगाडीची बॅटरी भरल्यावरही भारली जाई, तर स्थानकास्थानकावर थांबणाऱ्या पॅसेंजरची बॅटरी अर्धपोटी राही.

शिशाच्या बॅटरीला हे दोन्ही अपाय बाधतात. ती दीर्घकाळ अर्धवट भरलेली राहिली, तर पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात आणि तेवढा भाग निकामी होतो. उलट, पूर्ण भरल्यावरही प्रवाह चालू राहिला, तर आतील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात, पाणी आटते व पट्ट्यांवरील लेप झडू लागतो. म्हणजे उपासमार आणि अजीर्ण, दोन्ही तिला सारखीच घातक. निवडीचे तत्त्वही यातच आहे. मोटार सुरू करणारी बॅटरी क्षणभर मोठा प्रवाह देते व लगेच भरून निघते. तिच्या पट्ट्या पातळ असल्या तरी चालते. तासन् तास दिवे आणि पंखे चालवणारी बॅटरी मात्र खोलवर रिकामी होते व पुन्हा भरते. तिला जाड व दणकट पट्ट्या लागतात. आकाराने एक पेटी दुसरीच्या जागी बसते, म्हणून ती तिचे काम करील असे नाही.

स्वातंत्र्यानंतर तिसऱ्या वर्गाच्या डब्यांतही पंखे फिरू लागले आणि बॅटरीवरचा भार वाढला. याच सुमारास, १९५२ साली, रेल्वेचे चाचणी व संशोधन केंद्र लखनौला स्थापन झाले. त्याची उपकेंद्रे लोणावळा व चित्तरंजन येथे होती. १९३० पासून चालत आलेले केंद्रीय मानक कार्यालय आणि हे केंद्र १९५७ साली एकत्र होऊन रेल्वेची संशोधन, अभिकल्प व मानक संस्था उभी राहिली. लखनौच्या मानकनगरात ती आजही आहे. ठुमरीच्या आणि चिकनकामाच्या या शहरात रुळांचा, डब्यांचा आणि बॅटऱ्यांचाही कस ठरू लागला. लखनौच्या उन्हाळ्यात, उत्तरेत जिला लू म्हणतात ती वाहू लागली की, बॅटरीची परीक्षा आपोआपच होते. तपमान दहा अंशांनी चढले की तिचे आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते, असा अनुभवाचा ठोकताळा आहे. भारतीय मानकांत बॅटरीची मोजणी २७ अंश सेल्सिअसला धरतात, त्यामागे हाच स्वदेशीचा विचार आहे.

पुढे डब्यांतील २४ व्होल्टची जुनी पद्धत मागे पडून ११० व्होल्टची आली. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर व नियामक आले. साध्या डब्याला १२० अँपिअर-तासांची बॅटरी, तर वातानुकूलित डब्याला ११०० अँपिअर-तासांची, दोन व्होल्टच्या ५६ घटांची. हे आकडे कागदावरचे. ११० व्होल्ट व १२० अँपिअर-तास म्हणजे सुमारे १३ किलोवॉट-तास. पण शेवटच्या थेंबापर्यंत उपसणाऱ्याला ही बॅटरी फार दिवस साथ देत नाही.

खरा धडा मिळाला तो पाणी न लागणाऱ्या, बंदिस्त बॅटऱ्या आल्यावर. जुन्या बॅटरीत कामगार ऊर्ध्वपातित पाणी घाली. भारण थोडे जास्त झाले तरी ते भरून निघे. बंदिस्त बॅटरीत वायू आतल्या आत पुन्हा पाणी होतात. मात्र अतिभारणाने झडप उघडून जे गेले, ते पुन्हा घालता येत नाही. म्हणून बॅटरी बदलताना तिला भारणारा नियामकही बदलावा लागला. त्याची जागा अधिक काटेकोर इलेक्ट्रॉनिक नियामकाने घेतली.

रुळांवरच्या घराचा हा प्रश्न लाटांवरच्या घरालाही चुकत नाही. गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’ या ५६ फुटी शिडाच्या नौकेतून नौदलाचे दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १९ मे २०१० रोजी परतले. शिडे वाऱ्यावर चालतात. पण अशा दूरच्या सफरीत खुणेचे दिवे, संदेशयंत्रे व स्वयंचलित सुकाणू यांना वीज लागतेच. ती एंजिनावरचा अल्टरनेटर, सूर्यपट्ट किंवा वाऱ्याची चक्की यांच्याकडून मिळवून बॅटरीतच साठवावी लागते. तेथे फलाट नाही आणि बॅटरी बदलून देणारे कोणी नाही. म्हणून शहाणा नाविक आधी दिवसाचा खर्च मोजतो, मग भारण्याची साधने पाहतो, आणि शेवटी बॅटरी निवडतो.

आज पुष्कळ गाड्यांत वीज वरच्या तारेतून, एंजिनामार्फत डब्यांत येते. तरीही पेटी गेलेली नाही. तार तुटली, अपघात झाला, गाडी रानात अडकली, की त्या अंधारात दरवाजा दाखवणारा दिवा तिच्याच जोरावर लागतो. आणि तो लागेल की नाही, हे त्या रात्री ठरत नाही. कोणी, केव्हा आणि किती जाणतेपणाने ती बॅटरी निवडली व भारली, यावरच ते आधी ठरून गेलेले असते.