तळटीप : बॅलेतली ॲना
* टॉलस्टॉयच्या ‘ॲना कॅरेनिना’वरील बॅले. पहिला प्रयोग १९७२ साली मॉस्कोच्या बोल्शॉय रंगमंदिरात झाला. संगीतकार रोदिओन श्चेद्रिन. ॲना झालेल्या माया प्लिसेत्स्काया या त्यांच्या पत्नी, नृत्यरचनेतही त्यांचा वाटा होता. श्चेद्रिन यांनी चायकोव्हस्कीच्या सुरावटींचा आधार घेतला. टॉलस्टॉय ही कादंबरी लिहीत होते तो काळही चायकोव्हस्कीचाच. कादंबरीतला दुसरा नायक लेविन, त्याची शेती, त्याचे आत्मचिंतन मात्र इथे गळाले आहे. मला ही कात्री फार लागते, तरी तिचे कारण पटते. लेविनची घालमेल मनातल्या मनात चालते, ॲनाची अंगावर उमटते. शर्यतीत तिचा प्रियकर व्रोन्स्की घोड्यावरून पडतो तेव्हा चारचौघांत तिचा तोल सुटतो. कादंबरीतला हा प्रसंग मुळातच नृत्याजोगा आहे.