पूर्णेचा उतार, दोन पसे ज्वारी

कोलाडला जाऊन आलेले दिसता. डोक्यावर हेल्मेट, छातीला जॅकेट, हातात प्लास्टिकचं वल्हं. सकाळी भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटतं, कुंडलिका फुगते आणि गाइड ओरडेल तसं तुम्ही वल्हवता. मुळशीच्या धरणातलं हे पाणी डोंगर उतरून आधी वीज करतं, मग तुमची करमणूक. खळाळसुद्धा वेळापत्रकानं! मजा येते, नाही कोण म्हणतं. पण ते हेल्मेट आता काढा. बूटही काढा, चिखल ते ठेवून घेईल. आपण बुलडाणा जिल्ह्यात साखरखेर्ड्याला निघालोय. साल १७२४, अश्विन महिना.

आलात? नाक आधी पोचलं असेल. ओला धूर, घोड्यांची लीद, आणि त्याखाली काहीतरी कुजल्याचा वास. तिकडे फार बघू नका. इथे नुकतीच मोठी लढाई झाली. निजाम जिंकला आणि गावाला त्याने फत्तेखेडा असं नाव दिलं. गावकऱ्याला विचाराल तर तो साखरखेर्डाच म्हणेल, आणि लढाईबद्दल विचारलंत तर कडब्याची गंज कशी गेली तेच सांगत बसेल. शिवारात सोयाबीन शोधू नका. ज्वारी उभी आहे, तीही जिथे घोडे शिरले नाहीत तिथेच.

तुम्हाला सिंदखेडला जायचंय. आज राहेरीच्या पुलावरून गाडी डुलकी लागायच्या आत नदी ओलांडते. १७२४ मध्ये तो पूल नाही, म्हणून चाला. काळी माती प्रत्येक पावलागणिक तुमचा पाय मागून घेते, पाय सुटला की फचकन आवाज होतो. ऊन चावरं आहे, अश्विनातलं. पुढे तेलाचा बुधला घेतलेला तेली, त्याच्यामागे पाठीला लेकरू बांधलेली बाई, एक गोसावी, दोन बैल. पूर्णा दिसायच्या आधी ऐकू येते. पाऊस वर कुठेतरी कोसळलाय. संत चोखामेळा सागर धरणाची भिंत अजून अडीचशेहून जास्त वर्षांच्या पल्याड, त्यामुळे पाण्याला अडवणारं कोणी नाही.

काठावर ही गर्दी! पूर उतरेल म्हणून दोन-दोन दिवस थांबलेली माणसं, तीन दगडांच्या चुली, रडणारी पोरं, भाकरीचा खरपूस वास. भोयांची माणसं कमरेला लंगोटी लावून पाण्याकडे बघत उभी आहेत. ते नुसतं बघत नाहीयेत; काठावर रोवलेली काटकी किती बुडाली ते मोजताहेत. वेळापत्रक म्हणाल तर तेवढंच.

आता तुमची नाव. हसू नका. सुंभाने विणलेली बाज, तिच्याखाली सुकवलेले कडू भोपळे, जाळीत बांधलेले. अंगठ्याने वाजवून बघा, पोकळ टणक आवाज येईल. ज्याचा आवाज बसका तो भोई सोडून टाकतो, कारण तडा गेलेला भोपळा मध्यावर पाणी पितो. तुम्ही, तेल्याचा बुधला आणि लेकुरवाळी बाजेवर. तेली बैलाचं शेपूट धरून येणार. चार भोई पाण्यात, चार कोपऱ्यांना.

पहिलं पाणी मांडीला लागतं तेव्हा ओरडाल. इतकं गार! सुंभ ओलं होऊन चड्डीतून टोचतंय. काठ सरकला, मग पळायलाच लागला. आणि तुम्हाला वाटतंय हे लोक पलीकडे का नेत नाहीत, खाली का वाहवताहेत? तेच तर कसब आहे. समोरचा उतार गाठायचा तर अर्धा कोस वरून पाण्यात शिरायचं आणि प्रवाहाशी भांडायचं नाही. कोलाडच्या गाइडला हे शिकवून येतं. या भोयाला आज्याने कान पिरगाळून शिकवलंय.

“काहून हलता, बाप्पा? बूड टेकवा!” मागच्या कोपऱ्यातून.

टेकवा. कारण डावीकडे भोवरा आहे, गढूळ पाणी आतल्या आत गिरमिटासारखं फिरतंय. एक बाभळीचं झाड मुळांसकट येतंय आणि त्याच्या फांदीवर एक साप अगदी शहाण्यासारखा बसलाय. भोई एकमेकांना एकेक अक्षरात हाका मारतात. बाज तिरकी होते, तोंडात माती आणि सडक्या पाल्याची चव येते, लेकुरवाळी देवाचं नाव घेत तुमचं मनगट इतकं दाबते की बोटं बधिर होतात. झाड हातभर अंतरावरून जातं. साप तुमच्याकडे बघतही नाही. तिचं पोर हसतंय. त्याला परत हवंय.

पलीकडे पायाला वाळू लागते. गुडघे लटपटतात, मांड्यांवर सुंभाची नक्षी उठलीय. भोई दात वाजवत हात पुढे करतो. दोन पसे ज्वारी. तुमच्या खिशात नोट आहे, ती तो उलटसुलट बघून परत देतो. मोबाइल मात्र पोराला खेळायला आवडेल म्हणतो. शेवटी लेकुरवाळी आपल्या फडक्यातून तुमचीही ज्वारी मापून देते.

परतीचं विचारता? भोई या काठावरच्या काटकीकडे बघतो. ती दिसत नाहीये.

“परवा या,” तो म्हणतो, “नाहीतर तेरवा.”