मथळा आणि हक्क

कायद्याच्या ग्रंथातील मथळ्यांना फार किंमत नसावी, असे आम्ही साहित्याचे शिक्षक सहज धरून चालतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 वाचताना हा समज टिकत नाही. संहिता 15 ऑगस्ट 1967 रोजी अमलात आली. तोवर आमच्या सेनगावासह मराठवाड्यात निजामी राज्याचा 1317 फसलीचा महसूल कायदा चालत होता, विदर्भात मध्य प्रदेशाचा. निरनिराळ्या विभागांचे कायदे एका ग्रंथात आले. शिवण मात्र पुरती बुजली नाही.

भूमि अभिलेखांच्या दहाव्या प्रकरणात दोन उपविभाग आहेत. पहिला अधिकार अभिलेखाचा. कलम 150 मधील फेरफार त्यातलेच. दुसऱ्यात निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज भेटतात, आणि त्याच्या दारातच कलम 160 बजावते की 161 ते 167 ही कलमे केवळ विदर्भाला लागू आहेत. गंमत अशी की वाजिब-उल-अर्ज हा शब्द, उर्दू दफ्तराची सवय असलेल्या मराठवाड्याच्या कानाला, आपलाच वाटतो!

ग्रंथ संगणकावर चढवताना मथळा नुसता ठळक केला तर तो डोळ्यांना दिसतो, यंत्राला कळत नाही. प्रकरण, उपविभाग, कलम अशी पातळीवार खूण केली, तरच शोधात सापडलेले कलम 165 आपला उपविभाग सोबत घेऊन येते. एरवी सेनगावचा शेतकरी वाटेच्या हक्कासाठी वाजिब-उल-अर्ज मागत तहसिलीत उभा राहायचा. ती तरतूद शेजारच्या रिसोड तालुक्याला लागू आहे, त्याला नाही.