मामलतींचे लिलाव आणि अहमदाबादचा इजारा

'लिलाव' हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. 'इजारा' आणि 'मक्ता' हे अरबी-फारसी दरबारी व्यवहारातून आले. 'निविदा' हा त्या मानाने अलीकडचा, संस्कृतावरून घडविलेला. शब्दांच्या वाटा वेगळ्या असल्या तरी व्यवहाराचा गाभा एकच आहे. एखादा हक्क मिळविण्यासाठी रक्कम बोलायची आणि देणाऱ्याने आलेल्या बोलींतून निवड करायची. अशी निवड केवळ आकड्यावर होऊ लागली म्हणजे काय घडते, याचे बोलके उदाहरण उत्तर पेशवाईत सापडते आणि त्यात बडोद्याचाही जवळचा संबंध आहे.

थोरल्या माधवरावांच्या व पुढे नाना फडणिसांच्या काळात मामलत ही नेमणूक होती. मामलेदार बहुधा दीर्घकाळ एकाच प्रांतावर राही. वसुलाचा अंदाज पुण्याहून ठरवून दिला जाई आणि त्यापैकी काही रक्कम मामलेदाराला 'रसद' म्हणून आगाऊ भरावी लागे. फडणीस, मुजुमदार आदी दरकदार त्याच्या हिशेबावर नजर ठेवीत.

दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत ही चौकट खिळखिळी झाली. मामलती दरबारी मंडळींत लिलावाने दिल्या जाऊ लागल्या. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात या पद्धतीचे तपशीलवार वर्णन केले आहे. चढी बोली करण्यास उत्तेजन मिळे आणि जो कचरे त्याच्यावर धन्याची इतराजी होई. पुढील वर्षी कोणी अधिक रक्कम बोलला, की प्रांत त्याच्याकडे जाई. अशा मामलेदारास गावांची स्थिती पाहण्यास सवड नसे आणि रयतेला सवलत देण्यात त्याचे हितही नसे. तो चढ्या दराने पोटमक्ते देई, पोटमक्तेदार पुन्हा तेच करीत आणि शेवटी हा बोजा पाटलापर्यंत येऊन पोहोचे. पाटलाने गावाचा मक्ता घेतला तर त्याच्याविरुद्ध दाद मागण्यास जागा उरत नसे. नाकारला तर मामलेदाराची माणसे वसुलीस गावात उतरत आणि गावाचे हाल अधिकच होत. जमीन किती यापेक्षा रयतेची देण्याची ऐपत किती, यावर वसुली ठरू लागली. बोली लावणारे दरबारात होते. ती फेडणारा शेतात होता.

याच राज्यव्यवहारातला सर्वांत गाजलेला इजारा अहमदाबादचा. १८०० मध्ये पेशव्यांचा गुजरातेतील हिस्सा गायकवाडांना पाच वर्षांसाठी, सालिना पाच लाख रुपयांच्या इजाऱ्याने मिळाला. १८०४ मध्ये तो साडेचार लाखांवर दहा वर्षांसाठी पुन्हा करून देण्यात आला. १८१४ मध्ये मुदत संपली. मुदतवाढ मिळावी व दोन्ही दरबारांतील जुन्या हिशेबांचा उलगडा व्हावा म्हणून बडोद्याहून गंगाधरशास्त्री पटवर्धन पुण्यास गेले. त्यांच्या सुरक्षिततेची हमी कंपनी सरकारने घेतली होती. बाजीरावाने मात्र इजारा न वाढविता अहमदाबादचा सुभा आपल्या मर्जीतील त्रिंबकजी डेंगळे यास दिला. बोलणी लांबत गेली आणि जुलै १८१५ मध्ये पंढरपुरास शास्त्र्यांचा खून झाला.

इंग्रजांनी खुनाचा ठपका त्रिंबकजीवर ठेवून त्यास ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत ठेवले. १८१६ मध्ये तो तेथून निसटला आणि प्रकरण अधिकच चिघळले. जून १८१७ च्या पुण्याच्या तहात बाजीरावाला इतर अटींबरोबर अहमदाबादचा इजारा साडेचार लाखांवर गायकवाडांना कायमचा द्यावा लागला. हा 'कायमचा' इजाराही बडोद्याकडे टिकला नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात गायकवाडांनी तो कंपनीच्या स्वाधीन केला. त्याच महिन्यात खडकीची लढाई झाली आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली.

पेशवाईच्या अंतास कारणे अनेक होती. ती सर्व इजाऱ्याच्या माथी मारणे इतिहासाला धरून होणार नाही. तथापि जिंकलेल्या मुलखाची व्यवस्था लावताना एल्फिन्स्टनने जुनी पद्धत शक्य तेवढी राखण्याचे धोरण ठेवले आणि मक्त्याची चाल तेवढी बंद करण्यास सांगितले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. माधवरावांच्या काळातही मामलेदार आगाऊ रक्कम भरतच होता. परंतु तेथे दीर्घ मुदत होती, दप्तराचा अंदाज होता आणि दरकदारांची नजर होती. बाजीरावाने आकडा वाढविला आणि त्या आकड्याला आवर घालणाऱ्या या तिन्ही गोष्टी गमावल्या. आजही एखाद्या निविदेतील रक्कम वाचून झाली म्हणजे मुदत किती, हिशेब कोण तपासणार आणि शेवटी पैसा कोणाच्या खिशातून जाणार, हे तीन प्रश्न विचारणे शहाणपणाचे ठरेल.