पगडी आणि न्यायासनावरचा टोप

जयपूरच्या सी-स्कीम भागात भगवानदास मार्गावर राजस्थान उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. 1958 मध्ये ते बंद झाले होते. 31 जानेवारी 1977 रोजी पुन्हा सुरू झाले. तेथील वकिलांचा काळा कोट, गळ्याशी पांढऱ्या पट्ट्या आणि वरचा गाऊन हा सारा सरंजाम विलायतेतून आलेला. मग त्या सरंजामातला केसांचा टोप तेवढा कोठे राहिला?

मुळात टोप हा न्यायाचा नव्हेच. तो दरबारी डौलाचा. 1660 मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर आला आणि फ्रेंच दरबारातील ही फॅशन लंडनमध्ये रुजली. न्यायाधीशांनी ती काहीशी उशिरानेच पत्करली. पुढे शिष्ट समाजाने टोप टाकला, न्यायालयांनी मात्र ठेवला. 1822 मध्ये हम्फ्री रेव्हन्स्क्रॉफ्ट याने घोड्याच्या केसांच्या टोपाचे पेटंट घेतले आणि भुकटी फासण्याची कटकट संपवली. 2008 पासून इंग्लंडमधील दिवाणी व कौटुंबिक न्यायालयांत टोप उतरला. फौजदारी न्यायालयांत तो राहिला.

आपल्याकडे हवा तर टोपाला प्रतिकूल होतीच. परंतु मला वाटते, खरा अडसर निराळा होता. येथील डोके रिकामे नव्हते! काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि त्यांच्या निधनानंतर 1893 मध्ये त्यांच्या जागी आलेले महादेव गोविंद रानडे हे मुंबईच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. रानड्यांची जी प्रतिमा आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते, ती पगडीतली. प्रतिष्ठेसाठी त्यांना दुसऱ्याचे केस उसने घ्यावे लागले नाहीत.

मात्र पगडीचा हा मान सर्वत्र राहिला नाही. त्याच 1893 साली डर्बनच्या न्यायालयात मॅजिस्ट्रेटने तरुण बॅरिस्टर गांधींना पागोटे काढण्यास सांगितले. ते न काढता गांधी बाहेर पडले. पुढच्या वर्षी नाताळच्या सर्वोच्च न्यायालयात सनद मिळाल्यावर तीच सूचना पुन्हा झाली, तेव्हा मोठ्या लढ्यासाठी बळ राखावे म्हणून त्यांनी ती मानली. सहकाऱ्यांना ते रुचले नाही.

1961 च्या अधिवक्ता अधिनियमाखालील नियमांत पट्ट्या आल्या, गाऊन आला. टोप आला नाही. उन्हाळ्यात काळ्या कोटाची सक्तीही शिथिल होते, पण ती केवळ खालच्या न्यायालयांपुरती. सी-स्कीममधील उच्च न्यायालयाच्या वकिलाला जयपूरच्या भर मे महिन्यातही कोट चढवावाच लागतो.