पुरानंतर भिंतींना लगेच रंग का देऊ नये? ओल, गिलावा आणि दारं कशी दुरुस्त करायची?

पावसाळ्यात सांगलीकरांच्या मोबाईलवर एकच प्रश्न फिरत असतो, 'आयर्विनला किती फूट?' आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही कृष्णेची धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. जुलै २०२१ मध्ये ते पुन्हा शहरात शिरलं. सातारा जिल्ह्यातून येणारी कोयना कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि ते सगळं पाणी पुढे सांगलीकडे येतं. म्हणजे पाऊस तिकडे पडतो आणि भिंती इकडे भिजतात.

पाणी ओसरलं की घर पहिल्यासारखं करायची घाई होते. २०१९ मध्ये तर पुरानंतर साधारण तीन आठवड्यांत, २ सप्टेंबरला गणपती आले. अशा वेळी भिंतींवर रंगाचा हात मारावासा वाटणारच. पण ओल्या भिंतीवरचा रंग टिकत नाही. काही महिन्यांत पोपडे निघतात आणि तोच खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो.

घरात शिरण्याआधी काय बघायचं?

मातीच्या भिंती पाण्यात उभ्या राहतात आणि पाणी उतरल्यावर, ऊन पडल्यावर कोसळतात. भिंत फुगलेली, कललेली दिसली तर आत जाऊ नका. बोर्ड किंवा मीटर पाण्यात गेला असेल तर मेन स्विचला हात लावू नका. वायरमनने तपासल्याशिवाय वीज सुरू करायची नाही.

धुण्याआधी प्रत्येक खोलीतल्या पाण्याच्या खुणेचे फोटो काढा, शेजारी टेप धरून. पंचनाम्याच्या वेळी ते उपयोगी पडतात. मग गाळ ओला असतानाच काढा. वाळला की तो दगडासारखा होतो. धुतल्यावर ब्लिचिंग पावडरचं पाणी वापरता येतं, पण त्यात संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही मिसळू नका. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

भिंत सुकायला किती दिवस लागतात?

दिवस नाही, महिने. वीट पाणी शोषते आणि वातीसारखी वर ओढते. त्यामुळे पुराची खूण चार फुटांवर असली तरी ओल त्याच्याही वर पोहोचलेली असते. भिंतीच्या जाडीच्या दर इंचाला साधारण एक महिना, असा एक ढोबळ हिशेब आहे. वारा खेळता असेल आणि हवा कोरडी असेल तर कमी वेळ लागतो. तरीही नऊ इंची भिंत ऑगस्टमध्ये भिजली तर दिवाळीपर्यंत आतून सुकलीच असेल, असं धरून चालू नका.

घरच्या घरी चाचणी करता येते. दीड फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दुसऱ्या दिवशी आतल्या बाजूला थेंब दिसले तर भिंत अजून ओली आहे.

मग सणाला काय करायचं?

चुन्याची सफेदी करा. चुन्यातून ओल बाहेर पडत राहते, बुरशीला तो मानवत नाही आणि खर्चही कमी. ऑइल पेंट, पुट्टी किंवा वॉटरप्रूफिंगचा थर मात्र ओल आतच कोंडतो.

गिलावा कुठे पाडायचा?

नाण्याने भिंतीवर टकटक करत जा. जिथे पोकळ आवाज येतो तिथे गिलावा विटेपासून सुटलेला असतो. तेवढा पाडा. पाडल्यावर उघडी वीट लवकर सुकते. नवा गिलावा भिंत सुकल्यावरच.

भिंतीवर पांढरी पावडर दिसली तर तो लोणा, म्हणजे पाण्यासोबत बाहेर आलेले क्षार. ते कोरड्या ब्रशने झाडून काढा. धुतले तर पुन्हा विरघळून आत जातात. जुन्या वाड्याच्या माती-चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. ओल आत अडकते आणि भिंत आतून भुसभुशीत होते.

नव्या भेगाही लगेच बुजवू नका. कृष्णाकाठची काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते आणि तिच्यावरचं घर हलतं. भेगेच्या टोकाला पेन्सिलने तारीख लिहा. भेग पुढे सरकली तर इंजिनिअरला दाखवा.

जिप्सम बोर्ड, फर्निचर आणि दारं वाचतात का?

पाण्यात बुडालेला जिप्सम बोर्ड वाचत नाही. त्याचा गाभा मऊ पडतो आणि बाहेरच्या कागदावर बुरशी येते. पाण्याच्या खुणेच्या वर फूटभर कापून तेवढाच भाग बदलता येतो. भुशाच्या बोर्डची ट्रॉली किंवा कपाट एकदा फुगलं की पुन्हा बसत नाही.

अस्सल लाकडाचं दार बहुतेकदा वाचतं. ते लागत नाही म्हणून लगेच रंधा मारून घेऊ नका. सुकल्यावर लाकूड आकसतं आणि मग फट राहते. दार बिजागरीतून काढा, सावलीत सपाट ठेवा, खाली पट्ट्या घाला. उन्हात टाकलं तर पीळ पडतो. चौकटीच्या पायाशी पुढचं वर्षभर वाळवीवर लक्ष ठेवा.

पूर न येताही भिंत ओली का राहते?

महाबळेश्वरला वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पाटण, जावळीतही पश्चिमेची भिंत महिनोन् महिने भिजते. इथे नियम तोच, फक्त आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं: गच्चीची भेग, तुंबलेली पन्हाळी, खिडकीवरचा छज्जा की गळका पाइप. ते बंद न करता आतून कितीही महाग रंग दिला तरी पुढच्या पावसात डाग परत येतो.

थोडक्यात क्रम असा: सुरक्षितता, फोटो, सफाई, सुकवणं, गिलावा, दारं आणि सगळ्यात शेवटी रंग. गवंडी किंवा रंगारी 'आठ दिवसांत करून देतो' म्हणाला, तर आधी त्याच्यासमोर प्लॅस्टिकचा कागद लावा.