पुण्याच्या पेठा व आंबील ओढा

पुण्याच्या पेठा आठवड्याच्या वारांप्रमाणें एकदम आंखून वसविल्या, असा समज अद्याप कित्येकांच्या मनांत आढळतो. तो निराधार आहे. शनिवार पेठ ती मूळची मुर्तझाबाद, रविवार ती मलकापूर, शुक्रवार ती विसापूर, गुरुवार ती वेताळ पेठ, आणि बुधवार ती औरंगजेबाच्या मृत नातवाचें नांव धारण करणारी मुहियाबाद. वारांचीं नांवें मागाहून पडलीं. शहर वाढत गेलें तसतशी एकेक वस्ती कसब्यास लागून उठत गेली. तेव्हां ही वाढ कोणाच्या हातें व कोणत्या क्रमानें झाली, हें पाहणें अगत्याचें आहे.

पेठ वसवावयाची म्हणजे सरकारांतून शेटे-महाजनांस कौल मिळे. नव्यानें घर बांधणाऱ्या वाणी-उदम्यांस व कारागिरांस कांहीं वर्षें कर माफ असे, आणि शेट्यास पेठेंत वतनी हक्क मिळत. वस्ती भरली तर त्याचा लाभ, ओस पडली तर त्याचेंच नुकसान. शुक्रवार पेठेच्या वसाहतीशीं जिवाजीपंत अण्णा खासगीवाले यांचें नांव निगडित आहे. शिवपुरीस रास्त्यांचें नांव लागलें. भवानी पेठ जेथें वसली तें पूर्वीं बोरवन होतें. वस्तीविषयीं ज्यास जाब विचारतां येईल असा कोणी तरी मनुष्य असे. हें सर्व निव्वळ लोककल्याणाच्या बुद्धीनें चाले, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. पेठ भरली म्हणजे जकात वाढते, हें सरकार पुरतें जाणून होतें.

आमच्या मतें याहून महत्त्वाची गोष्ट पाण्याची. कात्रजच्या डोंगरांतून निघणारा आंबील ओढा पूर्वीं शहराच्या पश्चिम अंगानें येऊन मुठेस मिळत असे. पूर्वेस जशी नागझरी, तशी या बाजूस ओढ्याची हद्द. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत (१७४०–१७६१) पर्वतीच्या पायथ्याशीं बांध घालून तळें केलें व ओढ्याचा प्रवाह पश्चिमेकडे वळवून शहराच्या वरच्या बाजूस मुठेंत सोडला. त्याच कारकीर्दींत कात्रजला तलाव बांधून भुयारी नळानें पाणी शहरांत आणलें. वाटेंत ठिकठिकाणीं चुनेगच्ची उच्छ्वास ठेविले, आणि काळा हौद, बदामी हौद अशा हौदांतून लोक पाणी भरूं लागले. ओढा हटला, पाणी आलें, आणि मग थोरल्या माधवरावांच्या वेळीं, १७६९ सालीं, सदाशिव पेठ वसली. आधीं पाण्याची वाट, मग माणसांची वस्ती, असा हा क्रम आहे.

परंतु ओढा वळविला म्हणजे नाहींसा झाला, असें नव्हे. तो गांवाबाहेरच्या रानांत गेला इतकेंच. १८१८ नंतर राजधानीपण संपून वस्ती घटली, तेव्हां त्या रानाकडे फारसें कोणाचें लक्ष जाण्याचें कारण उरलें नाहीं. पुढें १८५८ सालीं आगगाडी आली व शहर पुनः पसरूं लागलें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून नदीकांठच्या पेठा बुडाल्या, तेव्हां अनेक कुटुंबांस नव्या जागीं हलवावें लागलें. अशा कुटुंबांस आसरा देणाऱ्या वसाहतींपैकीं सहकारनगर हें आंबील ओढ्याच्याच कांठीं आहे. नदीनें उठविलेलीं माणसें ओढ्यापाशीं येऊन राहिलीं!

त्यानंतर वरच्या अंगास, थेट कात्रजच्या उतारापर्यंत, घरें चढत गेलीं. येथें जुना क्रम उलटला. शेतें आधीं बिनशेती झालीं, इमारती उठल्या, ओढ्याचें पात्र आवळलें. आणि गांव महानगरपालिकेंत आलें तें सर्वांच्या शेवटीं. कौल देणारा कोणी नाहीं व जाब देणाराहि नाहीं, अशी ही वाढ. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं पावसानें ओढा फुगून अरण्येश्वर, सहकारनगर या भागांतील घरांत शिरला व अनेक माणसें प्राणांस मुकलीं. ओढ्याच्या वरच्या अंगाचीं भिलारेवाडी व गुजर-निंबाळकरवाडी हीं गांवें शहराच्या हद्दींत घेतलीं गेलीं तीं २०२१ सालीं.